लाल ठिपक्याचा कप

वर्षा मॅडमनी माझा डबा हाताने सरकवला नाही. फूटपट्टीने सरकवला.

स्टीलची फूटपट्टी. रजिस्टरवर रेघा मारायची. ती माझ्या डब्याच्या कडेला लावली आणि डबा टेबलाच्या टोकाला ढकलत नेला. आवाज आला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मॅडमचा आवाज मात्र गोडच होता. त्या कधी ओरडत नाहीत.

"तू आज तिकडे बस हं. आणि डबा मध्ये ठेवू नकोस. सगळ्यांच्या घरी लहान मुलं आहेत."

तिकडे म्हणजे प्रिंटरजवळच्या स्टुलावर. भिंतीकडे तोंड करून.

मी बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला वाटायला नको की मी जन्मजात शूर आहे. डबा उचलला, स्टुलावर बसले, भिंतीकडे बघून जेवले. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यात जहाजाचं चित्र होतं. ते जहाज मला अजून तोंडपाठ आहे.

आमचं ऑफिस न्हावा शेव्याजवळ, कंटेनरच्या यार्डात. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या कंटेनरचे कागद करणं हे माझं काम. ऑफिसात जेवायची एक पद्धत आहे. आपापला डबा घेऊन कुणी एकटं जेवत नाही. सगळे डबे टेबलाच्या मधोमध ठेवायचे, आणि ज्याला जे हवं ते त्याने आपल्या झाकणात घ्यायचं. नवीन माणूस आला की आठवडाभर बाजूला बसून खातो. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, अरे ठेव की मध्ये. त्या दिवसापासून तो ऑफिसचा झाला. पगारपत्रकावर नाव कधीचं का असेना.

माझा डबा मधोमध गेला तो सुकटाच्या चटणीमुळे. माझी आई ती करते, कांदा भरपूर घालून. शेजारच्या टेबलावरची कविता, इथल्याच आगरी गावातली, तिचा हात सगळ्यांत आधी यायचा. "तुजे आयशीच्या हाताला चव हाय ग," म्हणायची. वर्षा मॅडम, ऑफिसातल्या सगळ्यांत सिनियर, मासे खात नाहीत, पण त्याही कधी नाक मुरडत नसत. मला वाटायचं, चला, इथे तरी संपलं ते सगळं.

संपलं नव्हतं. फक्त निमित्त मिळालं नव्हतं.

निमित्त म्हणजे माझा ओठ.

मला लहानपणापासून ओठावर फोड येतात. आधी एका जागी चुणचुण. मग आग. मग पाण्याने भरलेले बारीक बारीक फोड, एकाला एक चिकटून. ते फुटतात, पिवळी खपली धरते, हसायला गेलं की खपली तडकते. कुणी म्हणतं अंगातला ताप ओठावर फुटला, कुणी म्हणतं झोपेत पाल मुतली. वर्षातून एक-दोनदा यायचे, आठ-दहा दिवसांत जायचे. मी तोंडाला रुमाल लावून दिवस काढायचे.

त्या वर्षी ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. एका खोलीत मधे पडदा बांधला. पडद्याच्या आत डॉक्टर, बाहेर रांग. डॉक्टरने माझ्या ओठाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हर्पिस आहे हा. लग्न झालंय?"

मी म्हणाले, नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. का हसला ते त्यालाच माहीत. गोळी नाही दिली, काही समजावलं नाही. "स्किनवाल्याला दाखवा. नेक्स्ट."

पडद्यातून बाहेर आले तर रांगेत पुढच्या वर्षा मॅडम. हातात मोबाइल. त्यांनी तो शब्द तेव्हाच शोधला असणार, कारण त्यांचा चेहरा बदललेला होता. मोबाइलवर तो शब्द टाकला की काय काय फोटो येतात ते मी घरी जाऊन बघितलं. माझ्या ओठासारखा एखादा. बाकीचे कुठलेकुठले.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टी निघाली.

आठवड्याभरात सगळीकडे झालं. हिला तसला आजार आहे. सुट्टीला मुंबईला जाते ना, मैत्रिणीकडे म्हणून. मैत्रिणीकडेच कशावरून? मी पॅण्ट्रीत शिरले की बोलणं थांबायचं. एकदा मात्र मॅडमना मी येताना दिसले नाही. त्या म्हणत होत्या, "आमच्यात असलं कधी ऐकलंसुद्धा नाही गं." 'आमच्यात' म्हणजे कुणात, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मलाही.

मग कपाचं सुरू झालं. पॅण्ट्रीत सगळे कप पांढरे, एकसारखे. एक दिवस त्यातल्या एकाच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. तो कप बाकीच्यांपासून लांब, हात पुसायच्या फडक्याजवळ ठेवलेला. मॅडम म्हणाल्या, "तुझ्याचसाठी गं. म्हणजे तुलाही टेन्शन नको."

ओठावर फोड असताना माझा कप वेगळा असावा, हे मला आज मान्य आहे. त्याचं कारणही मला आता माहीत आहे. पण खपली गळली, ओठ कोरा झाला, महिना गेला. ठिपका तसाच. स्टूल तसंच. मी एकदा धीर करून डबा मधोमध ठेवला. कुणी काही बोललं नाही. फक्त सगळ्यांनी आपापले डबे थोडे थोडे मागे ओढले. मधोमध माझा एकटीचाच डबा राहिला. मी कविताकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मना नको ग. घरान ल्हान पोर हाय."

तिचा राग नाही आला. मी डबा उचलून परत स्टुलावर गेले.

असं मुकाट बाजूला होणं मी आधी पाहिलेलं आहे. आईचं.

आमचं मूळ गाव म्हसळ्याकडचं. आईबाप पोटासाठी उरणला मिठागरावर आले, आणि मी मिठागराच्या बांधावरच मोठी झाले. मिठागरात सावली नसते. वरून ऊन, आणि खालून पांढऱ्या मिठावरून उलटून येणारं ऊन. दर उन्हाळ्यात आईचा ओठ उतायचा. माझ्यासारखाच. तसेच फोड, तीच खपली. वर खारं पाणी लागायचं. ती पदराने तोंड झाकून मीठ ओढायची आणि पदराआड कण्हायची.

पाण्याचं पिंप मुकादमाच्या मांडवात. बाकीच्या बाया तांब्या बुडवून प्यायच्या. आमच्या वाडीतल्या बायांनी मांडवाबाहेर वाकून ओंजळ धरायची आणि मुकादमाने वरून पाणी ओतायचं. आईचा ओठ उतलेला असला की तो तांब्या आणखी वर धरायचा. पाणी ओंजळीबाहेर सांडायचं, आईच्या पायांवर. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "देव टाकलेत ना तुम्ही? देवी तोंडावर उठलीय तुमच्या. भोगा."

देव टाकले होते हे खरं. आज्याने धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक एका फडक्यात बांधून खाडीत सोडले. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. आईही सांगायची. घरात बुद्धवंदना चुकली नाही तिची कधी. पण ओठ उतला की ती कुणाचं लक्ष नाही असं बघून खाडीच्या दिशेने हात जोडायची. मी बांधावरून बघायचे. मला राग यायचा. तिचा. लहान होते, राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

कपाच्या ठिपक्यानंतर मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान असेल. मी बाकावर टेकायच्या आत म्हणाले, "माझं तसलं काही नाही हो मॅडम."

"तसलं म्हणजे?"

मी ओठाकडे बोट दाखवलं.

तिने ओठ बघितला, किती वर्षांपासून, कधी येतात, ताप येतो का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "हा विषाणू आहे. जगात कितीतरी लोकांच्या अंगात असतो, आणि पुष्कळांना पत्ताही नसतो. एकदा अंगात शिरला की नसेत दडून राहतो, कायमचा. ऊन, ताप, जागरण, पाळी, ताण, असलं काही झालं की वर येतो. मुळापासून घालवणारं औषध नाही. पण आवरणाऱ्या गोळ्या आहेत. त्या घरात ठेव. फोड यायची वाट बघू नकोस. चुणचुण झाली की त्याच दिवशी सुरू कर, मी लिहून देते तशा. पाणी भरपूर पी. उन्हात ओठाला मलम लाव, स्कार्फ बांध. फोड असेल तेव्हा उष्टं द्यायचं नाही, टॉवेल-लिपस्टिक कुणाची घ्यायची नाही, आणि तान्ह्या बाळाचा मुका तर अजिबात नाही. त्याच्या जिवावर बेतू शकतं."

"आणि टेबलावर सगळ्यांबरोबर बसून जेवलं तर?"

ती लिहिता लिहिता थांबली. "टेबलाला थोडाच होतो?"

मग मी पुन्हा तेच म्हणाले. "म्हणजे माझा हा ओठावरचाच. खालचा नाही ना? तसं कागदावर लिहून द्याल का?"

तिने पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "खाली होतो तोही याच घरातला विषाणू. त्या बाया याच बाकावर बसतात. त्यांनाही मी याच गोळ्या देते."

मला कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. मी कशासाठी धडपडत होते? मला पायरी मिळावी म्हणून. माझ्या खाली आणखी कुणीतरी उभं करून मी वर सरकणार होते. वरची, खालची. हेच तर आम्ही पिढ्यान् पिढ्या सोसलं. कागद मी मागितला नाही पुन्हा.

उठताना विचारलं, "मला आला कुठून हा?"

"बहुतेकांना लहानपणीच येतो. घरातल्या कुणीतरी मुका घेतला असेल, आपल्या घासातला घास भरवला असेल."

म्हणजे आईने. मिठागराच्या बांधावर, उतलेल्या ओठाने. दिवसभर पाणी वरून पिऊन आलेली ती, मला जवळ घेऊन माझे मुके घ्यायची. मी रस्त्याने येताना रडले. लाज वाटत नव्हती. लाज कुठल्या कुठे गेली होती.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ऊन, विषाणू, गोळ्या. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवले.

"म्हंजी देवाचा काय संबंध न्हाय?"

"न्हाय आई. तू उन्हात काम करायचीस, म्हणून यायचे."

"खाडीतल्या देवांचा बी न्हाय?"

"न्हाय."

तिने ताट पुन्हा पुढे ओढलं. तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग तो मुकादम पानी वरनं का वतायचा गो? माजा ओठ बरा असायचा तवा बी वरनंच वतायचा."

मी तिच्याजवळ बसले आणि तांदूळ निवडायला लागले.

गोळ्या लागू पडल्या. चुणचुण आली की लगेच घ्यायची. फोड यायचे ते दोन-चार, लवकर वाळणारे. एकदा तर आलेच नाहीत. माझा ओठ साफ. ऑफिसात ठिपका तसाच, स्टूल तसंच. आजार आटोक्यात आला होता. त्यांचा आला नव्हता.

आणि मग साहेबांच्या ओठावर आला.

साहेब म्हणजे आमचे यार्ड मॅनेजर. सकाळी ओठ चोळत आले. दुपारपर्यंत फोड दिसायला लागले, बारीक, एकाला एक चिकटून. मी डॉक्टर नाही. पण जी गोष्ट मी जन्मभर आरशात बघितली ती मला दुसऱ्याच्या तोंडावर ओळखता येणार नाही का?

वर्षा मॅडम हळहळल्या. "साहेबांना ताप फुटलाय. किती धावपळ करतात हो." दुसऱ्या दिवशी घरून छोट्या डबीत साजूक तूप घेऊन आल्या. साहेबांनी जेवणाच्या टेबलावरच बोटाने ते ओठाला लावलं, आणि त्याच बोटाने मॅडमच्या डब्यातली बटाट्याची भाजी घेतली. कुणी डबा मागे ओढला नाही. कविताचं पोर लहान होतं, ते तेव्हाही लहानच होतं. साहेबांचा कप सगळ्या कपांत.

माझा तो रोग, त्यांचा तो ताप. मी स्टुलावरून मान वळवून बघत होते.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. यार्डात त्या दिवशी मशिनांची पूजा असते. कंटेनर उचलणारी अजस्र मशिनं, फोर्कलिफ्ट, ट्रेलर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. टायरखाली लिंबं. नारळ फुटतात. दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी देव मानत नाही, पण पेढ्याशी माझं भांडण नाही. दरवर्षी घेते.

मॅडम पेढ्याचा बॉक्स घेऊन रांगेने फिरत होत्या. प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवत होत्या. ट्रेलरच्या ड्रायव्हरलाही, क्लीनरलाही. माझ्यापाशी आल्या. टिश्यूच्या चिमटीत पेढा धरला आणि हात वर नेला. माझ्या हातापासून चांगला वीतभर वर.

मी खाली बघितलं. माझे हात आपोआप जुळले होते. ओंजळ झाली होती. मी केली नव्हती, ती झाली होती. ते माझे हात नव्हतेच, आईचे होते. मांडवाबाहेर वाकलेले.

मी ओंजळ उघडली. हात बाजूला घेतले.

पेढा काँक्रीटवर पडला.

"अगं, प्रसाद पडला!" मॅडम जवळजवळ किंचाळल्या. पहिल्यांदाच आवाज चढला त्यांचा.

"हातात दिला असता तर पडला नसता," मी म्हणाले.

मी ऑफिसात गेले, पॅण्ट्रीतून ठिपक्याचा कप घेतला, बाहेर आले आणि पेढ्याच्या बॉक्सशेजारी टेबलावर पालथा ठेवला. लाल ठिपका वर. साहेब समोरच होते. ओठाला तूप चमकत होतं.

मी म्हणाले, "साहेब, तुमच्या ओठावर आहे तेच माझ्या ओठावर येतं. हा कप ठेवायचा असेल तर आज तुम्ही यात चहा प्या. नाहीतर फेकून द्या."

साहेबांचा हात ओठाकडे गेला. मधेच थांबला.

"आज सण आहे," ते म्हणाले. "नाटकं नकोत."

वर्षा मॅडम खाली वाकून पेढा उचलत होत्या. बाकी कुणी हललं नाही. कविता झेंडूची माळ सरळ करत होती, जी सरळच होती.

कप त्या दिवसानंतर दिसला नाही. पण मीही त्या ऑफिसात राहिले नाही. दसऱ्याची सुट्टी संपवून गेले तर साहेब म्हणाले, "तुला गेटच्या केबिनमध्ये देतोय. मोकळी हवा मिळेल. तुझ्या तब्येतीला बरं."

गेटची केबिन पत्र्याची आहे. पश्चिमेला तोंड. दुपारपासून ऊन थेट चेहऱ्यावर. माझ्या ओठाला सगळ्यांत वाईट काय, तर ऊन. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. महिन्यात चुणचुण परतली. पुन्हा आली, पुन्हा आली. मी डॉक्टर बाईकडे गेले. तिने आता काही महिने रोज घ्यायची गोळी दिली आहे. स्कार्फ बांधते, मलम लावते, बाटलीभर पाणी जवळ ठेवते. मिठागराच्या उन्हाने मला शेवटी गाठलंच. फरक एवढाच की आईकडे गोळी नव्हती.

मी राजीनामा देईन, असं त्यांना वाटलं असावं. आईलाही भीती वाटली. "गप रहा बाय, नोकरी हाय," म्हणाली ती आधी.

गप राहिले नाही. आणि राजीनामाही दिला नाही.

गेटवरचे लोक केबिनमध्येच जेवतात. मी नाही. जेवणाची वेळ झाली की डबा घेते आणि कंटेनरच्या रांगांमधून, उन्हातून, ऑफिसपर्यंत चालत जाते. ते लांब आहे. टेबलापाशी खुर्ची ओढते. स्टूल नाही, खुर्ची. आधी सगळ्यांसमोर पाकिटातली गोळी काढून घेते, कुणाला बघायची असेल त्याने बघावी. ओठावर काही असेल त्या दिवशी डबा मधे ठेवत नाही, आणि कप माझा घरून आणते. तो नियम माझा आहे, डॉक्टरने सांगितलेला आहे. ओठ साफ असेल त्या दिवशी डबा उघडते आणि मधोमध ठेवते.

कुणी घेत नाही. कविता एकदा बघते आणि पोळी तोडते. वर्षा मॅडम मोबाइलमध्ये असतात. साहेब आता आत आपल्या केबिनमध्ये जेवतात. मी माझी चटणी माझ्या झाकणात घेऊन शांतपणे जेवते. त्यांच्याकडे तोंड करून.

आई संध्याकाळी डबा उघडून बघते. चटणी जवळजवळ तशीच असते.

काल तिने विचारलं, "उद्या नुसता भात दिऊ का गो? कोन खातंय चटनी?"

"न्हाय," मी म्हणाले. "चटणीच दे. डबा मधोमध ठेवायचाय."